जोहारापासून गौरवग्रंथापर्यंत

१

दलित साहित्याची समीक्षा वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांभोवती फिरत आली आहे. एका टप्प्यावर ते आवश्यकच होते. परंतु आपल्यातल्या लिहित्या माणसाच्या लेखणीतून आज जे बाहेर पडते, त्यातला बराच मजकूर या तिन्ही शब्दांत बसत नाही. तो स्तुतीचा मजकूर आहे. आमदारसाहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीतला लेख, संस्थाध्यक्षांच्या षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ, पुरस्कार समितीवर बसलेल्या ज्येष्ठाच्या सुमार कवितासंग्रहाचे भरघोस परीक्षण, कोणाची महामंडळावर नेमणूक होताच लिहिलेले मानपत्र, कुलगुरूंच्या चरणी वाहिलेली अर्पणपत्रिका. हे सगळे लेखनच आहे. ते छापले जाते, वाचले जाते, ग्रंथालयाच्या कपाटात जाते. मग त्याची समीक्षा का होत नाही?

एक कारण असे की, या लेखनाला आपण साहित्य मानतच नाही, व्यवहार मानतो. ‘करावं लागतं हो,’ असे म्हणतो, चहा पिताना त्यावर हसतो आणि पुढच्या पुरवणीसाठी पुन्हा लिहायला बसतो. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. समीक्षा करणाराही पुष्कळदा त्याच पंगतीत बसलेला असतो. मीही बसलो होतो. त्याविषयी पुढे लिहिणार आहे.

या लेखात मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. खुशामत हा एखाद्याच्या स्वभावातला दोष आहे, असे म्हणून भागत नाही. माणसाला जे हक्काने मिळायला हवे ते जिथे कोणाच्या मर्जीने मिळते, तिथे खुशामत ही रोजची बोली होऊन बसते. आंबेडकरी चळवळीने मर्जीच्या जागी हक्क आणला. दलित साहित्य ही त्या हक्काची भाषा म्हणून जन्माला आले. म्हणून दलित लेखक खुशामत लिहितो तेव्हा त्याच्या हातून केवळ एक वाईट लेख घडत नाही. ज्या जोत्यावर आपले साहित्य उभे आहे, त्या जोत्याचाच दगड तो काढत असतो.

२

गावगाड्यात स्तुतीचीसुद्धा वाटणी होती. भाटाने धन्याची वंशावळ म्हणायची, शाहिराने पराक्रम गायचा आणि महाराने वाकायचे. भाटाला शेला मिळे, शाहिराला हातातले कडे मिळे, वाकणाऱ्याला शिळी भाकर मिळे. खुशामतीच्या बाजारातही मजुरी जातीनेच ठरत होती. भाटाची खुशामत तोंडाची होती. आपली कमरेची होती.

जोहार हा त्या वाकण्याचा शब्द. त्याला संस्कृतीच्या अभ्यासकांनी नम्रता म्हटले, भक्तीच्या अभ्यासकांनी लीनता म्हटले. पण जोहाराच्या मागे एक साधा हिशेब होता आणि तो महारवतनाचा होता. दिवस-रात्र गावाची आणि सरकारची चाकरी करायची. मोबदल्यात वतनाचा एखादा तुकडा आणि बलुते. तो तुकडा भावाभावांत वाटता वाटता नावापुरता उरे आणि बलुते किती मिळायचे ते खळ्यावरच्या मालकाच्या मनावर असे. ज्याचे पोट दुसऱ्याच्या मनावर चालते, त्याला त्या मनाची मशागत करावी लागते. जोहार ही ती मशागत होती.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. तळे आणि वतन हे दोन वेगळे लढे आहेत असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. वस्तुतः तो एकच लढा होता. पाण्याचा हक्क मिळाला तरी भाकर मर्जीची राहिली, तर माणूस ओठ ओले करून पुन्हा वाकणारच. बलुते जाऊन चाकरीचा मोबदला रोख ठरावा, ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन आपली म्हणून कसता यावी, असा त्या मागणीचा गाभा होता. ते विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत बाबासाहेब हयात नव्हते.

याच काळात अभिवादन बदलले. ‘जय भीम’ या अभिवादनाशी कामठीचे बाबू हरदास यांचे नाव जोडले जाते. या बदलाचे मोल आपण भावनेने सांगतो. ते भाषेच्या अंगानेही सांगता येते. जोहाराला जोहाराने उत्तर मिळत नसे. खालून वर जाणारा तो शब्द होता; वरून फार तर हुंकार यायचा. जय भीमला जय भीमनेच उत्तर मिळते. दोन्ही माणसे एकाच पातळीवर उभी राहिल्याशिवाय हे अभिवादन पुरेच होत नाही. दलित साहित्याचे व्याकरण कोणी मला विचारले, तर मी या दोन अभिवादनांमधला फरक दाखवीन.

३

सत्तेपुढे कसे उभे राहावे, याचा धडा आपल्याला फार आधी जोतीरावांनी घालून दिला. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. जोतीराव तेव्हा नगरपालिकेचे सदस्य होते आणि ते लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे त्यांनी म्हटले आणि प्रस्तावाच्या विरोधात एकट्याने मत दिले. दुसरी गोष्ट १८८८ सालची. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली होती. जडजवाहीर घालून आलेल्या सरदार-सावकारांच्या त्या मेळ्यात जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले. इथे झगमगणारी ही माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा आणि तिच्या शिक्षणाचे राणीला सांगा, असे त्यांनी राजपुत्राच्या तोंडावर सांगितले.

या दोन प्रसंगांचा पोवाडा करून आपण मोकळे होतो. मला त्यातली एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. जोतीराव ठेकेदारीचा व्यवसाय करीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांच्या ठेकेदारीचा संबंध होता. म्हणजे सरकारशी त्यांचा पैशाचा व्यवहार होता. ज्याला गमावण्यासारखे काहीच नाही त्याचे धैर्य एक वेळ सोपे म्हणता येईल. ज्याला गमावण्यासारखे आहे आणि तरीही जो एकटा हात वर करतो, त्याचे धैर्य आपल्यासारख्या पगारदारांनी अभ्यासायचे असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जोतीराव इंग्रजांची स्तुती करीत नव्हते काय? करीत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्यांच्यावर झोड उठवली ती काही एका कारणाने नव्हती, पण सरकारधार्जिणेपणाचा ठपका पुढेही त्यांच्यावर ठेवला गेला. म्हणून ती स्तुती कशी आहे ते पाहिले पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव सरकारला सांगतात की, तुमचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार आणि चैन यांवरही असूड ओढलेला आहे. जोतीरावांची स्तुती ही अशी जमाखर्चाची वही आहे. जमेच्या बाजूला जे आहे ते त्यांनी लिहिले आणि येणे बाकी कधी खोडली नाही. शिवाय ते येणे स्वतःचे नव्हते. खुशामतखोराच्या वहीत मात्र फक्त जमेची बाजू असते, आणि येणे असलेच तर ते त्याच्या स्वतःच्या नावावर असते.

अर्पणपत्रिकांचेही तसेच आहे. ग्रंथ राजाला, जहागीरदाराला, साहेबाला अर्पण करायचा आणि देणगीची वाट पाहायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. निग्रोंना गुलामीतून मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दलच्या आदराखातर. त्या लोकांकडून जोतीरावांना एक छदामही मिळायचा नव्हता. १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली, ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करून. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा तीन वर्षे होत आली होती. अर्पण माणसाला नाही, लेखणीला आहे, हेही ध्यानात घ्यावे. हातात देण्यासारखे काही नसलेल्याला जे वाहिले जाते, ते खरे अर्पण. बाकीचे अर्ज असतात.

४

मग कृतज्ञता आणि खुशामत यांतला भेद कोणता? हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या शिक्षणाच्या वाटेवर कोणीतरी हात दिलेला असतो; कोणी वसतिगृहात जागा दिली, कोणी फी भरली. त्यांच्याविषयी चांगले लिहिणे म्हणजे खुशामत काय? मुळीच नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. करारानुसार १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. सयाजीरावांचे ऋण बाबासाहेबांनी कधी नाकारले नाही आणि बडोद्यात झालेला अपमानही कधी लपवला नाही. त्यांनी तो पुढे लिहून ठेवला. १९२० साली ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षीच्या माणगाव परिषदेत तर उलटेच घडले. एका राजाने तिशीही न गाठलेल्या तरुणाची स्तुती केली आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे लोकांना सांगितले. देणाऱ्याने वाकण्याची अट घातली नाही आणि घेणाऱ्याने तोंड मिटले नाही. कृतज्ञता ही अशी असते. ती ऋण मोजून सांगते आणि उरलेले सत्यही सांगते. खुशामतीला सत्यातला आपल्या सोयीचा तुकडा तेवढा हवा असतो.

स्तुती कशी करावी याचा आदर्श पाठ म्हणून मी विद्यार्थ्यांना १९४३ चे ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे भाषण वाचायला सांगतो. पुण्यात, रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला केलेले हे भाषण. गौरवाचा प्रसंग, गौरवाचे व्यासपीठ. बाबासाहेब रानड्यांचा गौरव करतातही. पण तो करण्याआधी मोठा माणूस कोणाला म्हणावे याची कसोटी मांडतात आणि मग त्या कसोटीवर रानड्यांना घासून पाहतात. विभूतीविषयी आदर असणे वेगळे आणि विभूतीपुढे आपली बुद्धी गहाण टाकणे वेगळे, हा भेद त्यांनी तेथे स्पष्ट केला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात त्यांनी याच भेदाचे राजकीय टोक दाखवले: धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आपण दर २६ जानेवारीला वाचून दाखवतो. तो वाचून दाखवण्याआधी व्यासपीठावरच्या मान्यवरांचे स्वागत करण्यात अर्धा तास जातो.

५

बाबासाहेबांचा हा इशारा खरा ठरण्याची वेळ पंचवीस-सव्वीस वर्षांतच आली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. देश म्हणजेच इंदिरा, असे काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ सांगत होते. मकबूल फिदा हुसेन यांनी पंतप्रधानांना दुर्गेच्या रूपात रंगवले. आणि १९७६ साली नामदेव ढसाळ यांची ‘प्रियदर्शिनी’ आली.

ढसाळांवरच्या आपल्या कितीतरी लेखांत ही कविता एका वाक्यात आटोपली जाते. एक तर ‘ती त्यांची चूक होती’ असे म्हणून, नाही तर तिचे नावच न घेता. विरोधकांनी मात्र तिचा उपयोग सगळ्या दलित साहित्याला फितूर ठरवण्यासाठी केला. दोन्ही बाजूंनी समीक्षा झालीच नाही. ती कविता का लिहिली गेली, बदल्यात काय मिळाले, याच्या अनेक कथा सांगितल्या गेल्या. त्या कथांत मी पडत नाही. कवीच्या खिशात हात घालणे हे समीक्षकाचे काम नव्हे. त्याच्या भाषेचे काय झाले ते पाहणे, हे आहे.

न्याय म्हणून आधी दुसरी बाजू सांगितली पाहिजे. आणीबाणीबरोबर वीस कलमी कार्यक्रम आला. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. भूमिहीनांना जमीन, कर्जातून सुटका ही भाषा दिल्लीतून ऐकू येऊ लागली. ज्यांच्या घरात वेठ पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना ही भाषा आपली वाटली असेल, तर त्यांना लाचार म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या घरात वेठ कधी आलीच नाही त्यांना पोचत नाही. मध्यमवर्गाला वर्तमानपत्रावरची बंदी जेवढी लागली तेवढी गावकुसाबाहेर लागली नाही, कारण तिथे वर्तमानपत्रच पोचत नव्हते. हे सगळे खरे आहे.

पण आता ‘गोलपिठा’ आणि ‘प्रियदर्शिनी’ शेजारी ठेवून वाचा. १९७२ च्या ‘गोलपिठा’तला शब्द कामाठीपुऱ्याच्या गल्लीतून उठून येतो. त्याला अंग आहे, वास आहे, व्याधी आहे. तो कोणाची परवानगी मागत नाही. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने त्याला प्रस्तावना लिहिली ती त्या जगाविषयीचे आपले अज्ञान कबूल करीत. शब्दांचे अर्थ त्यांना कवीकडून समजून घ्यावे लागले. म्हणजे त्या पुस्तकात प्रस्थापित लेखक विद्यार्थी झाला आणि दलित कवी गुरुजी झाला. चारच वर्षांत ‘प्रियदर्शिनी’त संबोधन वर वळते. माझ्या वाचनात तिथे शब्द मोठे होतात आणि अंग हरवतात. ज्या कवीने आपल्या भाषेला कधी मान वर करून पाहायला लावले नव्हते, तो सिंहासनाकडे पाहत बोलू लागतो. हा नीतीचा नंतरचा प्रश्न. आधी तो कवितेचा आहे. वर पाहून बोलणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही, आणि ढसाळांची सगळी ताकद पायाखालचे पाहण्यात होती. ते पुन्हा खाली पाहू लागले तेव्हा ‘तुही इयत्ता कंची’ आणि ‘गांडू बगीचा’ यांसारख्या संग्रहांतून ती ताकद पुन्हा दिसली. एवढ्या मोठ्या कवीची भाषा जिथे विझते, तिथे आपल्यासारख्यांच्या भाषेचे काय होत असेल, याचा विचार करावा.

त्याच काळातली दुसरी घटना. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. ‘त्यांना ते परवडत होते,’ असे आपल्याकडे म्हटले जाते. सामाजिक अर्थाने ते खरेही आहे. पण परवडण्याचा हा हिशेब पुढे न्यायचा तर १८८० सालचे जोतीरावांचे मत कोणत्या खात्यावर मांडायचे?

६

आता स्वतःविषयी. हे टाळून वरचे सगळे लिहिले असते, तर तेही एक प्रकारचे मानपत्रच झाले असते.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा वाट पाहणे. शिकवलेल्या तासांचे पैसे सहा-सहा महिन्यांनी हातात यायचे. अध्यक्षांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघायचा होता. मला कोणी जबरदस्ती केली नाही. विभागप्रमुख एवढेच म्हणाले, ‘सर, तुमचं मराठी चांगलं आहे.’ मी नऊ पाने लिहिली. बहुजनांच्या शिक्षणाचा दीपस्तंभ म्हटले, ज्ञानगंगेचा भगीरथ म्हटले. अध्यक्षांची तुलना जोतीरावांशी केली. ज्या माणसाच्या संस्थेत एका जागेसाठी किती मोजावे लागतात हे साऱ्या तालुक्याला माहीत होते, त्याला मी सत्यशोधकांचा वारस ठरवले.

ग्रंथ घरी आणला. जाड पुठ्ठ्याचा, गुळगुळीत कागदाचा. माझे नाव छापलेले पाहून आईला आनंद झाला. माझा बाप शाळेत गेलेला नाही. त्याने मला तो लेख वाचून दाखवायला सांगितला. मी वाचत गेलो. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आमच्या बापानं पाटलाला जोहार घातला तर वाड्यापुढं घातला. घरी आल्यावर त्याच तोंडानं पाटलाला शिव्या द्यायचा. तू तर घरात बसून, दार लावून जोहार घातलास की रे.’

जोहाराविषयी मी जेवढे ग्रंथ वाचले आहेत त्यांत हे मला सापडले नव्हते. सक्तीने वाकणाऱ्याचे मन त्याच्या घरी शाबूत असते. कमर वाड्यापुढे वाकते आणि जीभ चुलीपुढे मोकळी होते. त्या चुलीपुढच्या शिव्यांतूनच पुढे जलसे झाले, आत्मकथने झाली, दलित साहित्य झाले. लिहून केलेल्या खुशामतीत मात्र जीभच गहाण पडते. चुलीपुढेही ती आपली राहत नाही. आजोबांचा जोहार आणि माझा गौरवलेख यांना लाचारी हा एकच शब्द लावणे हा आजोबांवर अन्याय आहे. त्यांच्यापाशी पर्याय नव्हता. माझ्यापाशी पदवी होती.

त्या लेखाने मला काय मिळाले? पुढच्या वर्षीचे तास मिळाले. तेवढेच. आज मी दुसरीकडे कायम नोकरीत आहे म्हणून हे लिहिणे मला सोपे झाले आहे, हेही कबूल केले पाहिजे. आज जो तासिकेवर आहे त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. वतनाने जोहार निर्माण केला. तासिका तत्त्वाने गौरवलेख निर्माण होतो. शिक्षकाला वर्षानुवर्षे मर्जीवर ठेवणारी व्यवस्था हे नवे वतनच आहे आणि त्याविरुद्धचा लढा हा साहित्याचाही लढा आहे. पण लढा जिंकेपर्यंत भाषा कोणाच्या दारात बांधायची नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे. मी गप्प बसू शकलो असतो. ‘मला वेळ नाही’ असे म्हणू शकलो असतो. अध्यक्षांनी जी दोन चांगली कामे केली होती तेवढीच दोन पानांत लिहू शकलो असतो. जोतीरावांना त्या मजकुरात ओढण्याची सक्ती माझ्यावर कोणीही केली नव्हती.

७

कार्यकर्ते म्हणतील, सत्तेजवळ गेल्याशिवाय समाजाची कामे होत नाहीत. वसतिगृहाचे अनुदान हवे, स्मारकाची जागा हवी, दोन शब्द गोड बोलले तर बिघडले कुठे? मागणीसाठी गोड बोलणे ही खुशामत नव्हे, ते शिष्टमंडळाचे काम आहे. त्याची खूण एवढीच की, मागणी सगळ्यांसमोर वाचता येते आणि ती ‘आमची’ असते. खुशामतीतली मागणी मजकुरात कधीच छापलेली नसते.

दुसरे असे म्हटले जाते की, वरच्या जातींचे लेखक शतकानुशतके हेच करीत आले. राजाश्रय त्यांनी घेतला, दक्षिणा त्यांनी घेतली. आपण आज पंगतीला बसलो तर एवढा गहजब कशाला? हा युक्तिवाद समतेचा वाटतो. पण आपली मागणी पंगत मोडण्याची होती; शेवटच्या पानावर बसून ‘वाढा’ म्हणण्याची नव्हती.

म्हणून माझी एक सूचना आहे. स्तुतिपर लेखन आपण समीक्षेच्या कक्षेत घ्यावे. गौरवग्रंथांची, प्रस्तावनांची, मानपत्रांची परीक्षणे आपल्या नियतकालिकांतून यावीत. त्यासाठी तीन साध्या कसोट्या पुरतील. मजकुरातले नाव खोडून दुसऱ्या सत्ताधाऱ्याचे नाव घातले तर तो तसाच चालतो का? ज्याची स्तुती केली आहे त्याला न रुचेल असे एक तरी वाक्य त्यात आहे का? आणि लिहिणाऱ्याचा त्या माणसाशी देण्याघेण्याचा जो संबंध आहे, तो वाचकाला सांगितला आहे का?

या कसोट्यांवर १९४३ चे रानड्यांवरचे भाषण लावून पाहा; तिथे नाव बदलता येत नाही. गावोगाव पायपीट करून वामनदादा कर्डकांनी बाबासाहेबांची गाणी ऐकवली, ती लावून पाहा. बाबासाहेब गेल्यानंतरही ते गातच राहिले. ऐकणारे भूमिहीन होते. त्यांच्यापाशी देण्यासारखे कडेही नव्हते आणि शेलाही नव्हता. मग त्याच बाबासाहेबांचे नाव पहिल्या ओळीत घेऊन दुसऱ्या ओळीपासून मंत्र्याची आरती करणारे आपले आजचे लेख लावून पाहा.

मी माझा लेख लावून पाहिला. नाव खोडले आणि शेजारच्या तालुक्यातल्या संस्थाचालकाचे नाव घातले. एक शब्दही बदलावा लागला नाही. न रुचणारे वाक्य नऊ पानांत एकही नव्हते. मी तासिकेवर आहे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. तो ग्रंथ आज त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. एखाद्या विद्यार्थ्याने तो कपाटातून काढून माझ्या नावानिशी त्याचे परीक्षण लिहिले, तर मला राग येणार नाही. त्याला मी जय भीम म्हणेन, आणि त्यानेही तो घ्यावा, एवढीच अपेक्षा.